मोठ्या कंपन्यांचे खासगीपणाचे दावे कोणत्या कसोटीवर तपासावेत?

प्रतापनगरकर

नमस्कार. घरातला जुना अँड्रॉइड फोन बदलायचा आहे आणि त्यावरून आमच्याकडे वाद चालू आहे. मुलाचे म्हणणे असे की थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पण आयफोनच घ्यावा, कारण 'ती कंपनी आपली माहिती विकत नाही'. इथे नागपुरात बर्डीवरच्या दुकानातील विक्रेत्याने हेच वाक्य जवळजवळ शब्दशः ऐकवले आणि माझा संशय बळावला. विक्रेत्याला जे वाक्य तोंडपाठ असते, ते सहसा जाहिरात विभागातून आलेले असते.

मी तंत्रज्ञानाचा विरोधक नाही. बँकेच्या शाखेत खतावण्या जाऊन संगणक आले तेव्हापासून मी ही यंत्रे वापरतो आहे. आज वीजबिल, मेट्रोचे तिकीट आणि भाजीचे पैसे हे सगळे फोनवरूनच होते. परंतु या कंपन्यांच्या शब्दावर विसंबावे असा त्यांचा इतिहास मला दिसत नाही. लोकेशन हिस्टरी बंद केल्यानंतरही गूगल दुसऱ्याच एका सेटिंगच्या आधारे माणूस कुठे कुठे गेला याची नोंद ठेवत होते, हे असोसिएटेड प्रेसने २०१८ साली उघड केले आणि २०२२ साली अमेरिकेतील ४० राज्यांना सुमारे ३९ कोटी डॉलर देऊन कंपनीने ते प्रकरण मिटवले. गूगलच्या क्रोम ब्राउझरमधली जी 'इन्कॉग्निटो' म्हणजे खासगी खिडकी आपण निर्धास्त वापरत होतो, तिच्यातील वापराचीही नोंद होत असल्याच्या दाव्यात २०२४ साली तडजोड झाली आणि अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. फेसबुकला केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर (वापरकर्त्यांची माहिती एका राजकीय सल्लागार संस्थेच्या हाती गेली होती) २०१९ साली ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. पण त्याच वर्षी कंपनीचे उत्पन्न सुमारे ७० अब्ज डॉलर होते, त्यामुळे त्या दंडाने कोणाला घाम फुटला असेल असे वाटत नाही. आणि ज्या अ‍ॅपलची एवढी महती सांगितली जाते, तिनेही सिरी या तिच्या बोलक्या मदतनिसाने न बोलावता संभाषणे ध्वनिमुद्रित केल्याच्या आरोपावरील खटल्यात, दोष मान्य न करता, २०२५ साली ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली.

मला अधिक त्रास होतो तो 'नाही' म्हणण्याची सोयच उरलेली नाही याचा. रामदासपेठेतील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्ततपासणीचा अहवाल कागदावर मागितला, तर काउंटरवरच्या मुलीने 'व्हॉट्सअ‍ॅपवर येईल' एवढेच सांगितले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तार करायला सांगितली होती. अपार्टमेंटच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर, नातवाच्या शाळेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर, कापडाच्या दुकानात बिलाआधी मोबाइल नंबर. अशा ठिकाणी ज्याला 'संमती' म्हटले जाते, ती खरोखर संमती असते का?

तेव्हा माझा प्रश्न असा: कंपनी स्वतःबद्दल काय म्हणते ते बाजूला ठेवून, तिचा खासगीपणाचा दावा सामान्य माणसाला तपासता येईल अशी एखादी कसोटी आहे का? आणि त्या कसोटीवर केवळ या कारणासाठी फोनची कंपनी बदलणे कितपत शहाणपणाचे ठरते? 'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली' हे उत्तर कृपया देऊ नये. ते घरी रोज मिळते.

परसोडी_प्रोग्रामर

काका, मी आयटी पार्कमध्ये मोबाइल अ‍ॅप तयार करण्याचेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते कसोटी आहे, आणि ती कंपनीच्या सज्जनपणाची नाही. उद्या कंपनीची नियत फिरली, तिचा मालक बदलला किंवा सरकारने आदेश काढला, तर आपल्याबद्दलचे काय काय तिच्या हाती असेल, एवढेच विचारावे. जी माहिती कंपनीकडे मुळात पोहोचतच नाही किंवा पोहोचली तरी तिला वाचता येत नाही, तीच सुरक्षित. बाकीचे सगळे आश्वासन.

सिग्नल या संदेश पाठवण्याच्या अ‍ॅपकडे २०१६ साली अमेरिकेतील ग्रँड ज्युरीच्या समन्सद्वारे वापरकर्त्यांची माहिती मागण्यात आली होती. त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी: खाते केव्हा उघडले आणि ते शेवटचे केव्हा जोडले गेले. संपर्कयादी, गट, संदेश यांपैकी काहीच त्यांच्याकडे नव्हते. हा दावा न्यायालयीन कागदपत्रांत तपासला गेलेला आहे, म्हणून मी तो मानतो.

आता व्हॉट्सअ‍ॅप घ्या. त्याचे एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचता येऊ नये अशी संदेशाची सांकेतिक कुलूपबंदी, सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर आधारलेले आहे आणि २०१६ पासून ते सर्वांना लागू आहे; त्यामुळे तुमचा संदेश कंपनी वाचते हा आरोप मी करणार नाही. मात्र तुम्ही कोणाला, किती वाजता, किती वेळा संदेश पाठवला, तुमच्या फोनमध्ये कोणाचे नंबर आहेत, तुम्ही कोणत्या गटांत आहात, यांवर त्या एन्क्रिप्शनचे पांघरूण नसते. शिवाय क्लाउडवर, म्हणजे कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर, जाणारा बॅकअप एन्क्रिप्ट करण्याची सोय २०२१ साली आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी ती केलेली नाही. मालक बदलला तर काय होते, याचे उदाहरणही हेच अ‍ॅप आहे. २०१४ साली फेसबुकने ते विकत घेतले तेव्हा धोरण बदलणार नाही असे सांगितले गेले आणि २०१६ सालीच खात्यांची माहिती फेसबुककडे देण्याची तरतूद त्या धोरणात आली.

सरकारी आदेशाचे उदाहरण अ‍ॅपलचे आहे. आयक्लाउड या तिच्या ऑनलाइन साठवणीतील बहुतेक सगळा साठा कंपनीलाही उघडता येणार नाही अशी 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' नावाची सोय तिने दिलेली आहे, तीही आपण होऊन चालू करावी लागणारी. ब्रिटनच्या सरकारने गुप्त आदेशाद्वारे त्या साठ्यात प्रवेश मागितल्यावर कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्राहकांसाठी ती सोयच काढून घेतली. चोरदरवाजा ठेवण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण ब्रिटनमधल्या ग्राहकाच्या हाती शेवटी काय राहिले, ते पाहावे.

तरीही अ‍ॅपल आणि गूगल यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो आणि फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपची मूळ कंपनी मेटा हिचे तर जवळजवळ सगळेच उत्पन्न जाहिरातींचे आहे. अ‍ॅपल मुख्यतः यंत्रे विकते. अ‍ॅप्सनी इतर अ‍ॅप्स आणि संकेतस्थळांवर वापरकर्त्याचा पाठलाग करण्यापूर्वी विचारलेच पाहिजे, ही सक्ती अ‍ॅपलने एप्रिल २०२१ मध्ये केली आणि तिचा फटका बसल्याची तक्रार फेसबुकने उघडपणे केली, म्हणजे त्या सक्तीत काहीतरी दम होता. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगलचा शोध आधीपासून बसवलेला असावा, यासाठी गूगलने एकट्या २०२२ साली अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात हा आकडा बाहेर आला. म्हणजे खासगीपणाची जाहिरात करणाऱ्या कंपनीलाही जाहिरातींच्या पैशातला वाटा पोहोचतोच.

माइकबद्दलही लिहितो, कारण हा विषय निघाला की कोणीतरी ते विचारतेच. बेसा किंवा वर्धा रोडकडचा एखादा ले-आउट बघून आलो की संध्याकाळपासून प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात आणि सगळ्यांची खात्री पटते की फोन आपले बोलणे ऐकतो. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. चोरून आवाज पाठवल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही, पण काही अ‍ॅप्स स्क्रीनवरच्या हालचालींची चित्रफीत बाहेर पाठवत असल्याचे मात्र दिसले. खरे तर ऐकण्याची गरजच नसते. तुम्ही त्या ले-आउटवर अर्धा तास थांबलात हे लोकेशनवरून कळते, बरोबरच्या मेहुण्याने आदल्या रात्री गृहकर्जाचे व्याजदर शोधलेले असतात, आणि तुम्ही दोघे एकमेकांच्या संपर्कयादीत असता.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. लहानसे अ‍ॅप बनवतानाही आम्ही त्यात इतरांचे तयार कोड बसवतो: जाहिरातींसाठी एक, वापराची आकडेवारी मोजण्यासाठी दुसरे, अ‍ॅप बंद पडले तर कळावे म्हणून तिसरे. त्यांना एसडीके म्हणतात. त्यांतून नेमके काय बाहेर जाते हे अ‍ॅप बनवणाऱ्यालाही अनेकदा पुरते माहीत नसते, आणि तरी प्ले स्टोअरवरील 'डेटा सेफ्टी'चा रकाना त्यानेच स्वतः भरायचा असतो. जून २०२५ मध्ये तर युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅप्स फोनच्या आतल्याच जोडणीतून ब्राउझरशी संधान बांधून, कोणत्या संकेतस्थळावर कोण गेले हे नावानिशी जोडू शकत होती, आणि त्यापुढे इन्कॉग्निटोचाही उपयोग नव्हता. ते उघड झाल्यावर मेटाने तो प्रकार थांबवला.

सिव्हिल_लाइन्स_वकील

संमतीचा मुद्दा आपण योग्य ठिकाणी आणला आहे, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहितो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यायला २०२३ साल उजाडले आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतही नागरिकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या बहुतेक तरतुदी त्यापुढे १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतून, म्हणजे मराठीतूनही, मिळण्याची सोय असावी, असे हा कायदा म्हणतो. कागदावर हे उत्तम आहे. परंतु अहवाल फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवणाऱ्या लॅबला 'मला कागदच द्या' असे सांगण्याचा स्पष्ट हक्क या कायद्यात मला तरी आढळत नाही.

ज्याची फारशी चर्चा झाली नाही, ती बाजू नुकसानभरपाईची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ अन्वये, कंपनीने संवेदनशील माहिती हलगर्जीपणाने सांभाळली आणि आपले नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर ते कलम वगळले जाणार आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे खरी, पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळणार नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास त्याच नागरिकाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या कायद्यातून सूट देण्याची तरतूद आहे आणि माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) मधली वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट याच निमित्ताने रुंदावली आहे, ही आणखी दोन दुखणी. मोठ्या कंपन्यांवर संशय घेणाऱ्याने तेवढाच संशय या बाजूवरही घ्यावा, असे माझे मत आहे.

'घ्या नाहीतर सोडा' या पद्धतीच्या संमतीवर आपल्याकडे कारवाई झालीच नाही असे मात्र नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ सालच्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती इतर मेटा कंपन्यांना देण्यावर पाच वर्षे बंदी घातली. अपिलीय न्यायाधिकरणाने २०२५ साली दंड कायम ठेवला, बंदी मात्र रद्द केली. ग्राहकाच्या दृष्टीने या दोहोंपैकी काय अधिक महत्त्वाचे होते, ते सांगायला वकील नको.

इतवारीचा_व्यापारी

साहेब, राग मानू नका, पण ही चर्चा पगारदार माणसांची वाटते. गूगलच्या नकाशावर दुकान टाकल्यापासून भंडारा, उमरेड, काटोलची गिऱ्हाइके पत्ता न विचारता थेट दारात येतात आणि त्याबद्दल मी एक रुपयाही दिलेला नाही. आमच्या आजोबांच्या उधारीच्या वहीत अख्ख्या मोहल्ल्याचे गुपित होते: कोणाकडे लग्न निघाले, कोणाचा हात तंग आहे, कोण सासरी पैसे पाठवतो. तेव्हा कोणी खासगीपणाचे नाव काढले नाही. बिलासाठी नंबर विचारतो तो बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना आहे म्हणून. गिऱ्हाईक नको म्हणाले तर आम्ही अडून बसत नाही. आणि आमच्या गल्लीत ज्यांचे पैसे गेले, ते गूगलमुळे नाही गेले. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून घाबरवणाऱ्या फोनमुळे गेले. आधी त्याचे बघा.

प्रतापनगरकर

सर्वांचे आभार. व्यापारी बंधूंना आधी उत्तर देतो, कारण त्यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही.

तुमच्या आजोबांची वही दुकानातच राहत होती आणि आजोबांना मोहल्ल्यात तोंड दाखवायचे होते. गुपित फुटले असते तर गिऱ्हाइकाने त्यांनाच येऊन जाब विचारला असता. आज बिलाच्या रकान्यातला नंबर सॉफ्टवेअर कंपनीकडे, तिथून आणखी कोणाकडे गेला, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, मग मी जाब कोणाला विचारू? आणि फसवणुकीचे फोन हा वेगळा विषय आहे असे मला वाटत नाही. समोरच्या भामट्याला माझे नाव, नंबर आणि मी निवृत्त आहे ही माहिती आधीच असते, म्हणूनच त्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो. ती कुठल्या तरी रकान्यातूनच बाहेर पडलेली असते. नकाशाचा तुम्हाला झालेला फायदा मला मान्य आहे. तो धंद्याने स्वतःची जाहिरात करण्याचा भाग आहे. दुकानाचा पत्ता जगाला कळावा असे तुम्हालाच वाटते. माझ्या रक्तातील साखरेबद्दल मला तसे वाटत नाही.

परसोडीच्या मित्रांची कसोटी मला पटली, पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांनी पूर्ण लिहिला नाही. कंपनीच्या हाती काय लागते हीच कसोटी असेल, तर आयफोन घेऊन त्यावर तेच व्हॉट्सअ‍ॅप, तोच गूगल नकाशा, तेच फेसबुक टाकणारा माझा मुलगा नेमके काय वाचवणार आहे? शिवाय आयक्लाउडची ती सोय त्याने चालू केली नाही तर बॅकअपची किल्ली कंपनीकडेच राहणार, हे तुमच्याच लिहिण्यावरून दिसते. आहे तोच फोन ठेवून फक्त सवयी बदलल्या तर किती फरक पडेल, आणि तो पैशांशिवाय होण्यासारखा आहे का, एवढे सांगा.

मानेवाड्याची_शिक्षिका

काका, शाळेच्या बाजूने एक जोड देते. नव्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे, आणि मुलांचा पाठलाग करून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आहे. हेतू चांगला आहे. पण समोरचा वापरकर्ता मूल आहे की मोठा, हे ठरवायचे तर कंपन्या उद्या मोठ्यांकडूनही वयाचा पुरावा मागू लागतील, म्हणजे मुलांच्या रक्षणासाठी आणखी माहिती त्यांच्याच हाती द्यायची. आमच्या शाळेत तूर्त मी एवढेच करते की वर्गाच्या गटावर मुलांची गुणपत्रके आणि छायाचित्रे टाकत नाही. ज्या पालकांना हवे त्यांना पालकसभेत कागद देते. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कोणी विचारत नाही.

परसोडी_प्रोग्रामर

काका, तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, मी तो लिहायचे टाळले कारण मुलाच्या बाजूनेही थोडे बोलायचे होते. तीच अ‍ॅप्स टाकायची असतील तर आयफोनने फरक पडतो, पण मर्यादित: परक्या अ‍ॅपला पाठलागासाठी विचारावे लागते आणि सुरक्षेचे अपडेट बरीच वर्षे मिळतात. केवळ खासगीपणासाठी एवढी रक्कम मी स्वतः घालणार नाही.

फुकटात होणाऱ्या गोष्टींपैकी सर्वात जास्त फरक परवानग्यांनी पडतो. संपर्कयादी आणि लोकेशन मागणारी अ‍ॅप्स एकदा बसून तपासा. लोकेशन 'अ‍ॅप वापरताना'पुरतेच ठेवा आणि नेमके ठिकाण हवे हा पर्याय नकाशा, टॅक्सी अशा मोजक्यांनाच द्या. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाहिरात-ओळख म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी कायमची पुसता येते. नवीन अँड्रॉइडवर ती सोय आहे. गूगलच्या खात्यात 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' बंद करा, किंवा निदान तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असे ठेवा. २०१८ सालच्या त्या प्रकरणातले 'दुसरे सेटिंग' हेच होते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप एन्क्रिप्ट करा आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण तो हरवला तर कंपनीलाही तो परत देता येत नाही. दुकानांचे, मोठ्या साखळी दालनांचे आणि बँकांचे जे काम अ‍ॅपशिवाय ब्राउझरमध्ये होते, त्यासाठीची अ‍ॅप्स काढून टाका. ब्राउझरमध्ये उघडलेल्या संकेतस्थळाला तुमच्या फोनमध्ये डोकावायला फार कमी जागा असते.

फोन विकत घेण्यापूर्वी मात्र कंपनीच्या नावापेक्षा एक गोष्ट तपासा. सध्याच्या फोनला सुरक्षेचा शेवटचा अपडेट कोणत्या महिन्याचा आहे, हे सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली अँड्रॉइडच्या आवृत्तीजवळ दिसते. तो अलीकडचा असेल तर बॅटरी बदलून घ्या आणि हाच फोन आणखी काही काळ वापरा. तो फार जुना असेल, तर नवा घेताना दुकानदाराला अपडेट किती वर्षे मिळतील हे विचारा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ते स्वतः पडताळून पाहा. तो आकडा इथे टाकलात तर कोणता फोन घ्यावा यावर पुढे बोलता येईल.